कोंबडीचा गुळांबा

नेकनूर,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आरोही,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडलं नसशील, असं धरून लिहिते. फाडलं असतंस तरी मी तुला बोल लावला नसता. फोन का केला नाही ते शेवटी सांगेन. आधी इकडची खबर.

माझ्या रामेश्वरचं दुसरं लग्न ठरत आलंय. मुलगी चौसाळ्याजवळची, शिवकन्या नाव, वय तेवीस, बी.ए. झालेली. वडील राधाकिशनराव, आई विमलबाई. स्वतःचा ऊस आणि स्वतःचं गुऱ्हाळ. स्थळ आणलं अजिनाथ भाऊजींनी. माझ्या या दिराला स्वतःच्या जेवणापेक्षा दुसऱ्याच्या लग्नाची घाई जास्त, हे तुला नव्याने सांगायला नको. तेवीस तारखेला, रविवारी साखरपुडा धरलाय. मंडपवाल्याला सांगून झालंय.

हे तुला कळवायची गरज काय, असं तू म्हणशील. बरोबर आहे. कायद्याने तुझा या घराशी संबंध संपून अडीच वर्षं झाली. पण त्या मुलीच्या आईबापांना तुझ्याबद्दल काय सांगितलंय ते तुला ठाऊक असावं. पहिलीला स्वयंपाकाची सवय नव्हती, मोबाईलवर बघून कायबाय करायची, असंच काहीतरी करताना गुळाचा पाक अंगावर उडवून घेतला, भाजली, आणि त्याचं निमित्त करून माहेरी गेली ती गेलीच. नेकनूरमध्ये चार वर्षं हेच चालतं. शेजारची छबुबाई तर इतक्या तपशिलाने सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, हीच तेव्हा आपल्या ओट्यापाशी उभी होती. तिथे मी उभी होते. छबुबाई त्या दिवशी लेकीकडे अंबाजोगाईला गेली होती.

तुझा तवा अजून आहे. बिडाचा, लांब दांड्याचा, एका हाताने उचलला की मनगट धरतं तो. तुझे वडील सामान न्यायला आले तेव्हा यादीत तो नव्हता, आणि मीही काढून दिला नाही. मांडणीच्या खालच्या कप्प्यात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता.

लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात तू त्यात ती कोंबडी केलीस. मी उंबऱ्यात स्टूल टाकून बसले होते, चुका काढायला. सत्तावीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळलेली बाई मी, चुका काढल्याशिवाय मला अन्न पचत नाही. म्हाळूच्या दुकानातून तू मांडीचे बिनहाडाचे तुकडे करून आणले होतेस. म्हाळूने तुला विचारलं होतं, “वैनी, हाडं काढल्यावर खायाचं काय मंग?” आम्ही कोंबडी धुतो, तू धुऊन वर फडक्याने एकेक तुकडा कोरडा करत होतीस. मला वाटलं, आता पावडरही लावशील. तवा चांगला तापू दिलास, तेल टाकलंस, तुकडे मांडलेस आणि हात मागे घेतलास. हलवायचे नाहीत म्हणालीस, खालून तांबूस झाले की आपणहून सुटतात. मग ते काढून ठेवून त्याच तव्यात ठेचलेला लसूण, चिंचेचा कोळ, गूळ, लाल तिखट, आणि चायनीजच्या गाड्यावर असतं ते काळं सॉस. पाक एकतारी व्हायला आला की तुकडे परत आत टाकायचे आणि तो त्यांना सगळीकडून धरेपर्यंत उलटत राहायचं. बोटाला चिकटणारी, चकचकीत, गोड, आंबट, तिखट कोंबडी. मी म्हटलं, “हा तर कोंबडीचा गुळांबा झाला.” तू इतकी हसलीस की चमचा खाली पडला. या घरात काळ्या मसाल्याचा रस्सा सोडला तर कोंबडीचं दुसरं काही कधी शिजलं नव्हतं. मी नावं ठेवत ठेवत तीन तुकडे खाल्ले. चौथा रामेश्वरसाठी ठेवते म्हणून बाजूला काढला आणि तू भाकरी वाढायला वळलीस तेवढ्यात तोही खाल्ला. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

जानेवारीत आम्ही मुलगी बघायला गेलो. गुऱ्हाळाला लागूनच घर आहे, अंगणभर तापलेल्या रसाचा वास. शिवकन्या धीट आहे. खाली मान घालून बसणाऱ्यातली नाही. पोहे खाऊन झाल्यावर तिने सरळ मलाच विचारलं, “मला नवीन नवीन काई करून बघायला लई आवडतं. तुमच्यात चालतं का?” मी उत्तर देण्याआधी रामेश्वर म्हणाला, “चालतं की. आमच्यात कशालाच ना न्हाई.” इतका मऊ आवाज की मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता. तुला बघायला आलो होतो तेव्हाही तो असाच बोलला होता आणि मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

परत येताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो. भाऊजी आणि रामेश्वर मुलीच्या शिक्षणाचं, रंगाचं बोलत होते. मला तिचा प्रश्न सोडत नव्हता. घरी आले आणि दुसऱ्या दिवशी तवा बाहेर काढला. गंज चढला होता. चिंचेने घासला, तेल लावून तापवला.

पहिल्या खेपेला मी गूळ आधी टाकला, सगळं करपलं. मी तव्याला दोष दिला. नाचता येईना अंगण वाकडं. दुसऱ्या खेपेला पाक इतका पुढे गेला की तुकडे एकमेकांना चिकटून बसले, पक्क्या पाकाचे लाडू वळता आले असते. तिसऱ्या रविवारी जमली. तुझ्याइतकी नाही, पण जमली.

हे सगळं करताना मी कोंबडीकडे कमी आणि पाकाकडे जास्त बघत होते. पातळ असतो तोवर तो तडतडतो, चिंचेतलं पाणी गरम तेलात उतरलं की बारीक थेंब उडतात. माझ्या मनगटावर तीन उडाले, मोहरीएवढे फोड आले, दोन दिवसांत गेले. पण घट्ट व्हायला लागल्यावर तो उडत नाही. मोठे आळशी बुडबुडे येतात आणि तिथल्या तिथे फुटतात. मी तव्यावर वाकून उभी राहिले, तोंड अगदी जवळ नेलं. काही उडालं नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण जे आपण चार वर्षं लोकांना सांगतोय ते नीट रचलेलंसुद्धा नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

रामेश्वर शेतातून आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. दोन भाकऱ्या खाल्ल्या. तवा मागून घेतला आणि भाकरीच्या तुकड्याने त्यातला पाक पुसून खाल्ला. म्हणाला, “लई भारी झालंय आई. शिवकन्येला बी शिकव.” मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. लाज दिसेल अशी आशा नव्हती, पण एखादा घास तरी अडकेल असं वाटलं होतं. काही अडकलं नाही. हात धुतले, टीव्ही लावला. मला माझ्या पोटच्या पोराची भीती वाटली, आरोही. आधीही वाटायची, पण मी तिला दुसरी नावं देत होते. तापट आहे, बापावर गेलाय, उन्हातून आलाय. भाऊजी सगळीकडे सांगतात की त्याने दारू सोडली, आता प्रश्नच मिटला. खरंच सोडलीय. पण त्या दुपारी तो प्यायलेला नव्हता, हे भाऊजींना माहीत नाही.

गेल्या रविवारी राधाकिशनराव आणि विमलबाई घर बघायला आले. राधाकिशनराव कमी बोलणारा माणूस आहे. तिसेक वर्षं स्वतः रस आटवायच्या काहिलीपुढे उभं राहून गूळ काढतात, गडी असले तरी पाक कुणाच्या भरवशावर सोडत नाहीत, असं भाऊजी कौतुकाने सांगत होते. चहा झाला आणि त्यांनी विचारलं, पहिलीचं नक्की काय झालं. भाऊजींनी नेहमीची गोष्ट सुरू केली. राधाकिशनरावांनी मधेच थांबवलं.

“कुठं उडाला म्हन्ता पाक?”

“खांद्यावर,” रामेश्वर म्हणाला. “मागच्या अंगाला.” केवढं भाजलं, तर त्याने आपला पंजा पसरून दाखवला.

ही थाप दवाखान्यात खपली, पोलिसांत खपली, गावात तर पक्की झाली. पण आम्ही ती गुळाच्या माणसाला सांगत होतो, हे आमच्या तिघांच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. चार वर्षं सांगून सांगून जीभ गुळगुळीत झाली की समोर कोण बसलंय हे माणूस बघत नाही. राधाकिशनरावांनी सदऱ्याची बाही वर सारली. कोपरापर्यंत पांढरे बारीक ठिपके, दोन्ही हातांना. “हे बगा. पाक उडतो तवा असा उडतो. आन् त्यो म्होरं उडतो. आगीकडं तोंड करून हुभ्या बाईच्या पाठीवर कावून जाईल त्यो?” मग बाही खाली घेत म्हणाले, “घट झाल्यावर तर उडतच न्हाई. मंग त्यो सांडतो, न्हाईतर...” रामेश्वर हसून म्हणाला, वळली असंल तेवढ्यात, बायांचं काय सांगावं. भाऊजींनी घाईघाईने यंदाच्या थंडीचा विषय काढला.

विमलबाई माझ्यामागून स्वयंपाकघरात आल्या. गॅस कुठे, दार कुठे, बाई कुठे उभी राहत असेल, सगळं डोळ्यांनी मोजलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, तुमी व्हता ना तवा घरात? माझी एकच लेक हाय.” मी कपबशा विसळत राहिले. पाणी घ्या म्हणाले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला तू आठवलीस.

दवाखान्यात तुला पालथं झोपवलं होतं. गुळाचा पाक कातडीला धरतो, पुसायला जावं तर कातडी घेऊनच निघतो, म्हणून मी घरी नुसतं पाणी ओतत राहिले होते. तेवढं एक मी बरोबर केलं. पण खरं सांगते, तांब्यामागून तांब्या ओतत होते तेव्हाच मनात वाक्य जुळवत होते. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं हे. तुझं तोंड माझ्याकडे होतं. तू काही बोलली नाहीस. मी बोलेन याची वाट बघत होतीस, एवढा तुझा माझ्यावर विश्वास होता. मी बोलले. मग पोलीस आला, त्याच्यासमोरही बोलले, आणि तू डोळे मिटून घेतलेस. तुझ्या वडिलांनी तुला पुढचं काही करू दिलं नाही. अब्रूचं बघा म्हणून त्यांना गळ घालणाऱ्यांतही मी होते.

काल राधाकिशनरावांचा फोन आला. म्हणाले, पहिल्या सूनबाईशी एकदा बोलू द्या, मग साखरपुडा. रामेश्वरने सांगितलं, तिचा ठावठिकाणा आमच्याकडे नाही. तुझा पत्ता माझ्याकडे आहे, गेल्या वर्षी तू शाळेची सर्टिफिकेटं मागवलीस तेव्हाचा. पण त्याला ते माहीत नाही. मग भाऊजींनी तोडगा काढला. येत्या बावीस तारखेला, शनिवारी, दोघं मला चौसाळ्याला घेऊन जाणार. मी फक्त विमलबाईंपुढे बसून सांगायचं की मी स्वतः बघितलं, पाक उडालाच होता, पोरीचीच चूक होती. “झाकली मूठ सव्वा लाखाची, वैनी,” भाऊजी म्हणाले. “तुमी बाई मानूस, त्यात मास्तरीन. तुमच्या शब्दावर त्ये इस्वास ठिवतेन.” रामेश्वरने भाजीचं भांडं ओढलं. माझ्या ताटात भाजी वाढली. कधी वाढत नाही तो.

म्हणजे लग्न माझ्या एका वाक्यावर येऊन थांबलंय. मी तेच वाक्य पुन्हा बोलले तर सहा महिन्यांत ती धीट मुलगी या ओट्यापाशी उभी असेल, मोबाईल टेकवून, काहीतरी नवीन करत. मी उंबऱ्यात असेन. रामेश्वर बाहेरच्या खोलीत. कशावर बिनसेल ते सांगता येत नाही, तेव्हाही सांगता आलं नव्हतं.

मी चौसाळ्याला जाऊन खरं सांगणार आहे, हे ठरवलंय. पण ठरवण्यावर माझा फार भरवसा राहिलेला नाही. दवाखान्याच्या वाटेवरसुद्धा मी दोनदा ठरवलं होतं. शनिवारी जीपमध्ये एका बाजूला मुलगा असेल, दुसऱ्या बाजूला दीर, आणि मुलाने वाढलेली भाजी माझ्या पोटात असेल. आई म्हणून मी त्याच्यावर अजून माया करते, हे वाचणं तुला सोसणार नाही, पण खोटं तरी किती लिहू. म्हणून शनिवारची वाट न बघता आजच लिहिते. फोन केला असता तर उद्या मी तो नाकारू शकले असते. कागदावरची सही नाकारता येत नाही. खालचा मजकूर मी दोनदा लिहिलाय. एक प्रत राधाकिशनरावांना, एक तुला. नेकनूरच्या पोस्टात भाऊजींची ऊठबस आहे, तेव्हा दोन्ही पाकिटं घेऊन दहाच्या एस.टी.ने बीडला जाते आणि तिथून रजिस्टरने टाकते. चौसाळ्याच्या पाकिटात तुझा पत्ता किंवा नंबर नाही. त्यांच्याशी बोलायचं की नाही, ते तुझं तू बघ. मागे तुझ्या अंगावरच्या जखमेबद्दल मी तुला न विचारता बोलले. आताही विचारायला वेळ नाही, पण निदान तुझ्या पाठीमागे बोलत नाही. हा कागद वकिलाला दाखव, पोलिसांत दे, रामेश्वरविरुद्ध दे, माझ्याविरुद्ध दे. माफी मागत नाही. ती दिलीस तर मला बरं वाटेल, आणि तुझ्याकडून आणखी काही घ्यायचं आता मनात नाही.

रविवार, १४ मार्च २०२१ रोजी दुपारी नेकनूर येथे माझ्या घरी माझा मुलगा रामेश्वर याचे दोन मित्र जेवायला आले होते. ते गोड कोंबडीला हसले. रामेश्वर ताटावरून उठून स्वयंपाकघरात आला. माझी सून आरोही खाली बसून परातीत पीठ मळत होती, तिची पाठ त्याच्याकडे होती. त्याने दुसऱ्या खेपेसाठी गॅसवर उकळत असलेला पाकाचा तवा उचलला आणि तिच्या उजव्या खांद्यावर उलटा केला. मी दारात उभी होते. तो तवा उचलताना मला दिसला आणि मी ओरडले नाही. नंतर डॉक्टरांना आणि पोलिसांना पाक उडाला असं मी सांगितलं. तो उडाला नव्हता.

तुझीच,
वनमाला हनुमान काशीद